हिरव्या झेंडीची ओटी

आमच्या घरात सगळ्या शिव्यांचं काम एकटा 'कुचराई' हा शब्द करायचा. बाबांना फार राग आला की ते हा शब्द काढत, आणि तोही ओरडून नाही, अगदी हळू. खरं सांगते, त्यापेक्षा पाठीत एक धपाटा बरा वाटायचा. धपाटा चटकन विरतो, हा शब्द रात्री जेवणाच्या ताटापर्यंत सोबत यायचा.

बाबा रेल्वेत फाटकवाले होते. हिंगणघाट तालुक्यात वडनेरकडून एक बंडीवाट, म्हणजे बैलगाड्यांचा रस्ता, येतो, तो रूळ ओलांडतो तिथलं फाटक त्यांच्या ताब्यात. गाव सगळं रुळाच्या पलीकडे. अलीकडे फक्त आमचं क्वार्टर, म्हणजे एक खोली, एक पडवी, विहीर आणि कडुलिंबाचं झाड. लांबच्या सिग्नलचा हात खाली पडला की गाडी येणार हे समजायचं आणि रुळाच्या दोन्ही बाजूंची फाटकं लावायची. गाडी जाऊन सिग्नलचा हात पुन्हा वर झाल्याशिवाय ती उघडायची नाहीत, मग पलीकडे कलेक्टर उभा असो की उधळलेला बैल. लोक वाकून खालून जायला बघत, तर बाबा त्यांनाही जाऊ देत नसत. गावात त्यांच्यावर कोणी खूश नव्हतं.

रेल्वेत साहेबांची बोली हिंदी. साहेब तपासणीला आले की 'लापरवाही' म्हणत. बाबांना तो शब्द कच्चा वाटायचा. त्यांचं म्हणणं, लापरवाह माणूस लांबून ओळखू येतो, त्याची सदऱ्याची बटनंसुद्धा तिरपी लागलेली असतात. हयगय म्हणजे आज करतो, उद्या करतो म्हणत बसणं; ती सवय आहे, सुटू शकते. कामचोर तर नावानंच चोर, त्याला निदान पकडले जायची भीती असते. पण कुचराई निराळी. "कुचराई म्हंजे," बाबा सांगत, "काम तं करून राह्यला, दिसायले बी बराबर दिसून राह्यलं, पन आतून जरासं राखून ठेवलं. येते, समजते, हातात जोर हाय, तरी थोडकं मागं ठेवलं. हे दुसऱ्याले दिसत नाई. करनाऱ्यालेच मालूम असते." एवढं बोलून ते माझ्याकडे असे बघत की मी काही केलेलं नसलं तरी आठवायला लागायची.

झाडताना कोपरा सुटला, कुचराई. भाकर मधे फुगली पण काठाला कच्ची राहिली, कुचराई. एवढ्यावर थांबले असते तर गोष्ट वेगळी, पण हा शब्द त्यांना इतका गोड लागायचा की ते तो माणसांपुरता ठेवत नसत. कडुलिंबाची एक फांदी पडवीवर सावली धरायची सोडून विहिरीवर धरायची, तर त्या फांदीवर कुचराईचा ठपका. मांजरीच्या समोरून उंदीर गेला आणि ती नुसती बघत बसली, तेव्हा बाबांनी तिला समोर घेऊन कुचराईचा अर्थ नीट समजावून सांगितला. मांजरीनं ऐकून घेतलं आणि झोपली. मग एक दिवस आईनं डाव साधला. बाबा दाढी करून आले तशी ती म्हणाली, "अवो, तुमच्या मिशीनं डाव्या बाजूनं कुचराई केली पाहा." मिशी खरंच डावीकडे विरळ होती. बाबा आरशात कितीतरी वेळ बघत राहिले आणि दुसऱ्या दिवशी उजवी बाजूही तेवढीच कातरून आले. आम्ही दोघी मायलेकी विहिरीवर जाऊन हसलो, घरात हसायची सोय नव्हती.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. गावातली माणसं राज्य बदललं म्हणून पारावर वाद घालत होती. बाबा म्हणाले, "राज्य बदललं, रूळ तं जाग्यावरच हाय," आणि माझ्या लग्नाच्या तयारीला लागले. नवरदेव वडनेरच्या बाजूचे, घरी शेती. पाहायला आले तेव्हा माझी मान खाली, त्यामुळे मला फक्त त्यांच्या चपला दिसल्या. चपला स्वच्छ होत्या आणि दोन्हींचे अंगठे जाग्यावर होते. तेवढ्यावर मी खूश झाले. लग्नाचं मला भारी कौतुक होतं, लपवून काय करू? महिनाभर मी पाणी भरतानासुद्धा गुणगुणत होते.

अडचण एकच. मुहूर्त गोरजाचा, म्हणजे संध्याकाळी गुरं रानातून घराकडे फिरतात त्या वेळेचा, आणि सासरकडची माणसं मुहूर्ताबाबत भलती कडक. त्यांच्या घरात आधीच्या एका लग्नाचा मुहूर्त हुकला होता आणि ती सून वर्ष व्हायच्या आत माहेरी निघून गेली होती. तेव्हापासून नवरदेवाच्या मामांनी पणच केला होता. सुपारी फुटली त्याच दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं, "सूर्य बुडाच्या आत डोक्यावर अक्षता पडल्या तं लगन. नाई तं वरात वापस." मामा गावचे मोठे, त्यांचा शब्द खाली पडू द्यायची कोणाची छाती नव्हती. आई त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सूर्याकडे बघून तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलायची.

बाबांनी लग्नापुरती रजा घेतली होती. पण बदलीवर येणाऱ्या माणसाला आदल्या दिवशी ऊन लागलं आणि तो खाटेला खिळला. झालं, माझ्या लग्नाच्या दिवशी माझे बाबा ड्यूटीवर. अंगात रेल्वेची निळी वर्दी आणि डोक्याला गुलाबी फेटा. केळझरहून आलेली माझी आत्या त्यांना बघून पदरात तोंड घालून हसली, म्हणाली, "नवरीचा बाप हायेस का बँडवाला हायेस?" बाबांनी फेटा सारखा केला आणि सिग्नलकडे बघितलं.

आता मुख्य घोटाळा सांगते. फाटकवाल्याकडे दोन झेंड्या असतात, लाल आणि हिरवी. लाल म्हणजे थांब, हिरवी म्हणजे जा, हे तर सगळ्यांना माहीत आहे. बाबांच्या झेंड्या धुरानं आणि घामानं काळवंडल्या होत्या. व्याह्यांसमोर मळक्या झेंड्या धरायच्या म्हणजे कुचराईच की. म्हणून दुपारी, गाड्या नव्हत्या त्या वेळात, त्यांनी दोन्ही झेंड्या काठीवरून उतरवल्या, स्वतः विहिरीवर धुतल्या, भाताच्या पेजेची खळ दिली आणि लुगड्यांच्या शेजारी दोरीवर वाळत घातल्या. वैशाखाचं ऊन, कापड बघता बघता वाळतं. उतरवून काठीला घालायला ते निघणार, तेवढ्यात भटजी आले, मग आचाऱ्यानं बुंदीला तूप कमी पडतं म्हणून हाक मारली, मग मांडवाची एक बाजू खाली बसली. झेंड्या दोरीवरच राहिल्या.

ऊन कलायला लागलं तशी पलीकडून धूळ दिसली. वरात! पुढे डफडं आणि सनई, मधे घोड्यावर नवरदेव, मागे बंड्यांची रांग. मी खोलीत पाटावर बसले होते, डोक्याला बाशिंग, अंगावर पिवळं लुगडं. खिडकी बरोबर रुळाच्या बाजूला होती, त्यामुळे मान खाली घालूनही मला सगळं दिसत होतं. नवरीनं असं बघू नये, पण खिडकी मी थोडीच केली होती. वरात फाटकाजवळ पोचली असेल नसेल, तोच लांबच्या सिग्नलचा हात खाली पडला. मालगाडी. मालगाडीचा काही नेम नसतो, ती मनात येईल तेव्हा येते.

बाबा पळत गेले आणि त्यांनी दोन्ही फाटकं लावली. वरात पलीकडे अडली. रानातून परतणारी गावची गुरं ओढ्याकडची वाट सोडून नेमकी त्याच वाटेनं आली आणि वरातीत शिरली. गोरज म्हणतात ते अगदी शास्त्रात लिहिल्याप्रमाणे झालं, फक्त जागा चुकली. एका गायीनं घोड्याच्या गळ्यातली झेंडूची माळ ओढून खायला सुरुवात केली. सनईवाल्याच्या मागे एक वासरू उभं राहून हंबरत होतं आणि ते सुरात हंबरत होतं असं मला तेव्हा वाटलं. माझ्या मामांची बंडीही त्याच गर्दीत, वरातीच्या मागे अडकली होती, आणि त्या बंडीत होता माझ्या ओटीचा खण.

आमच्याकडे नवरी मांडवात जायच्या आधी तिची ओटी भरतात. मामानं आणलेल्या हिरव्या खणात तांदूळ, नारळ, हळकुंड आणि खारीक घालून तिच्या पदरात देतात. वेळ चालली, खण पलीकडे, फाटक बंद. आत्या बाहेर गेली आणि हिरवं कापड घेऊन परत आली. कापड नवीन असल्यासारखं कडक होतं. "हे भेटलं," ती म्हणाली आणि भराभर माझी ओटी भरून मोकळी झाली. मला तिच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

इकडे गाडी यायची चिन्हं दिसेनात. इंजिन वळणावर येऊन उभं राहिलं होतं, धूर सोडत, आणि मोठ्यानं शिट्ट्या मारत होतं. वाजंत्र्यांना वाटलं ड्रायव्हर वरातीला मान देतोय, त्यांनी दुप्पट जोरानं वाजवायला घेतलं. इंजिन परत शिट्टी मारी, डफडं परत घुमे. असा बराच वेळ मानपान चालला. मग आई पडवीतून म्हणाली, "अवो, थे गाडी काऊन उभी राह्यली?"

बाबांनी आधी गाडीकडे बघितलं, मग सावकाश मागे वळून दोरीकडे. दोरीवर माझ्या काकूचं लुगडं, आईचं लुगडं आणि त्यांच्या मधे, खळ दिलेली, कडक, वाऱ्यावर फडफडणारी लाल झेंडी. ड्रायव्हरनं ती बघून गाडी उभी केली होती. त्याचं काय चुकलं? लाल ते लाल. बाबांनी झडप घालून झेंडी ओढली आणि गुंडाळून बगलेत मारली. आता हिरवी दाखवली की गाडी चालू. त्यांनी दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. हिरवी नव्हती.

बाबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते लुगडी उचलून खाली बघत होते, विहिरीत वाकून बघत होते, आचाऱ्याची पातेली उघडत होते. "माही हिरवी कोनी घेतली? हिरवी कोनी पाह्यली?" पाव्हणे एकमेकांकडे बघत होते, नवरीचा बाप मुलगी सोडून दुसऱ्याच कोणा बाईला शोधतोय असं त्यांना वाटलं असणार. गाडी हिरवी बघितल्याशिवाय हलणार नाही. गाडी गेल्याशिवाय फाटक उघडणार नाही. आणि सूर्य पलीकडच्या पळसाच्या शेंड्यावर टेकला होता.

पलीकडून नवरदेवाच्या मामांचा आवाज आला. रुळावरून बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागायचं. "फाटक खोला. गाडी उभी हाय, मंग कायले अडवून राह्यले?"

"सिग्नल पडला हाय, मामा," बाबांनी इकडून सांगितलं. "गाडी निघाल्याबिगर खोलता येत नाई."

"लेकीचं लगन हाय का रेल्वेचं?"

"दोन्ही हाय, मामा."

आई पुढे झाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "अवो, गाडी तं उभी हाय. एक डाव खोला. कोन पाहून राह्यलं?" कोण बघतंय हा प्रश्न आमच्या घरात विचारायचाच नव्हता, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. कुणी वरातीतलं म्हणालं, नवरदेवाला वाकून खालून येऊ द्या. तर मामांनी तेही मोडून काढलं, "आमचा नवरदेव वाकून येनार नाई." बाबाही म्हणाले, "आनि मी येऊ बी देनार नाई." दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर. मामांनी घोड्याचा लगाम धरला आणि वडनेरच्या दिशेनं तोंड केलं. "सूर्य बुडून राह्यला. चला वापस."

महिनाभर गुणगुणले ते सगळं वाया जाणार होतं. चांगल्या अंगठ्याच्या त्या चपला परत जाणार! मी मान खाली घातली, रडायलाच आले होते, आणि माझी नजर ओटीवर गेली. हिरव्या कापडाच्या एका बाजूला दुमड घातलेली होती, काठी सरकवायला घालतात तशी. दुमडीवरची शिवण वाकडी, मधेच दोन टाके लांब. ती शिवण माझी होती. मागल्या थंडीत बाबांनी ती माझ्याकडून शिवून घेतली होती आणि त्या दोन लांब टाक्यांवर मला काय म्हणाले होते ते तुम्हाला सांगायला नको.

मी पाटावरून उठले तशी आत्या किंचाळली, नवरी अशी उठत नाही म्हणाली. मी कशाला ऐकते! मुंडावळ्या हलवत बाहेर आले, ओटीतला नारळ गडगडत मांडवाबाहेर गेला, तांदूळ सांडत गेले, कोंबड्या माझ्या मागे लागल्या. पाव्हण्यांच्या मधून, कोंबड्यांची वरात घेऊन, मी बाबांपर्यंत पोचले आणि कापड त्यांच्या हातात दिलं. हळदीचे पिवळे डाग पडले होते त्यावर. बाबांनी झेंडी बघितली, मला बघितलं, आणि ती झटकली. काठी शोधायला वेळ नव्हता. दोन्ही हातांत दोन टोकं धरून ते रुळाच्या कडेला उभे राहिले, गाडीकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ.

इंजिननं एक मोठी शिट्टी दिली आणि गाडी हलली. पण मालगाडीच ती, कोळशानं भरलेली, तिला पाय उचलायलाच वेळ लागतो. सूर्य अर्धा बुडाला होता. आई भटजींच्या समोर जाऊन हात जोडून उभी राहिली. "मंग इथूनच म्हना ना, महाराज. नवरी इकडं, नवरदेव तिकडं. मधात अंतरपाटच पाह्यजे ना?"

भटजी म्हातारे होते, त्यांना लांबचं कमी दिसायचं. त्यांनी डोळे बारीक करून येणारं इंजिन बघितलं. "अंतरपाट किती जाड असावा हे काही कुठं लिहिलेलं नाही," ते म्हणाले आणि त्यांनी घसा साफ केला. आईनं पलीकडे हाक घातली, "मामा, अक्षता घ्या हातात. लगन लागून राह्यलं." मामांनी लगाम सोडला की नाही ते मला दिसलं नाही, कारण तेवढ्यात इंजिन मधे आलं.

मंगलाष्टकं माझ्या लग्नात जशी म्हटली गेली तशी कोणाच्या लग्नात म्हटली गेली नसतील. भटजी बेंबीच्या देठापासून ओरडत होते आणि डबे खडखडत होते. ज्वारीच्या रंगवलेल्या अक्षता आम्ही डब्यांवर फेकत होतो, पलीकडचे पलीकडून फेकत होते. डब्यांतला सगळा कोळसा लाल-पिवळा झाला. ड्रायव्हरच्या डोक्यावर अक्षता पडल्या, त्यानं हात जोडले. कोळसा टाकणारा त्याचा साथीदार इतका हसला की त्याचं फावडं खाली पडलं. माझ्या शेजारी उभी आत्या रडत होती की हसत होती ते तिलाही कळत नव्हतं. मला मात्र कळत होतं, मी सरळ हसत होते. नवरीनं हसू नये म्हणतात. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या लग्नात मालगाडी आली नव्हती.

शेवटचा गार्डाचा डबा आला. भटजींनी नेमकी वेळ साधली. डबा पुढे सरकला आणि त्यांनी 'सावधान' म्हटलं. अंतरपाट दूर झाला. मी पदर सावरून, मान थोडीशी वर करून समोर बघितलं. इंजिनच्या शिट्टीनं घोडा बिचकून फिरला होता. समोर घोड्याची शेपटी होती आणि नवरदेवाची पाठ. बाजूला रुळाच्या कडेला बाबांची पाठ, झेंडी अजून हातात, नजर गार्डावर. गार्डानं हिरवी दाखवली, बाबांनी हिरवी दाखवली. म्हणजे लग्न लागलं तेव्हा माझ्या दोन्ही माणसांच्या मला पाठीच दिसल्या.

सिग्नल वर झाल्यावर बाबांनी फाटक उघडलं. वरात, गुरं, माझे मामा आणि त्यांचा तो खण सगळे एकदम आत आले. सूर्याची एक कड शिल्लक होती म्हणे. आई तर पुढे कितीतरी वर्षं सांगायची की पाव सूर्य शिल्लक होता. नवरदेवाचे मामा तावातावानं बाबांसमोर येऊन उभे राहिले. "लगन लागलं तं लागलं. पन मानपानात तुमी कुचराई केली."

तो शब्द बाबांना उभ्या आयुष्यात कोणी म्हटला नव्हता. बाबांनी झेंडी बगलेत धरून हात जोडले. "मानपानात झाली असंल, मामा. माफ करा. फाटकात नाई झाली."

मामा काही बोलणार तेवढ्यात मागून आवाज आला, "मामा, भूक लागली." नवरदेवाचा मी ऐकलेला तो पहिला शब्द. आवाज मला आवडला. पंगत बसली, वांग्याची भाजी, कढी, बुंदी, आणि मामांनी बुंदी परत परत मागून घेतली.

आई मात्र बाबांवर रुसली. पाव्हण्यांनी अक्षता टाकल्या, ड्रायव्हरच्याही डोक्यावर पडल्या, पण लेकीच्या डोक्यावर बापानं एक दाणा टाकला नाही. त्या वेळी त्यांच्या दोन्ही हातांत झेंडीची टोकं होती. आई जेवताना त्यांच्या ताटात वाढत होती आणि बोलत नव्हती. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. एकदा वळून बघितलं असतं तर गाडी काही रुळावरून उतरली नसती.

सकाळी निघताना मी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडले. बाबांच्या पाया पडले. मला वाटलं आता ते सांगणार, सासरी कशात कुचराई करू नकोस. मी हो म्हणायला तोंड उघडूनच ठेवलं होतं. ते फाटकाचा लोखंडी दांडा पुसत होते, पुसून झालेला पुन्हा पुसत होते. म्हणाले, "थ्या घरी तं तू बराबर करशीन. मले मालूम हाय. इकडं यायले कुचराई नोको करजो." आणि माझ्या बंडीसाठी फाटक उघडायला गेले.

दिवाळीला मी आले. घरधनी बंडी हाकत होते, मी मागे गाठोडं घेऊन बसले होते, कधी एकदा फाटक दिसतं असं झालेलं. दिसलं, ते बंद. लग्नाच्या दिवशी वरात उभी होती नेमक्या त्या जागी आमची बंडी थांबली. रुळाच्या पलीकडे बाबा, निळी वर्दी, हातात काठीला घातलेली हिरवी झेंडी. मी हात केला. त्यांनी केला नाही, करणारही नव्हते. फाटक काही ते लेकीसाठी उघडणार नव्हते. आमचे हे म्हणाले, "आपल्याले हे फाटक मानवतच नाई पाहा," आणि आम्ही दोघं बंडीत हसत बसलो.

मालगाडी आली, या वेळी रिकामी, नुसत्या सपाट उघड्या डब्यांची. इंजिन गेल्यावर डब्यांवरून पलीकडचं सगळं दिसत होतं. गाडी जाताना फाटकवाल्यानं चाकांवर नजर ठेवायची असते, ठिणगी उडते का, काही लोंबतं का ते बघायला. लहानपणापासून मी बाबांना तसंच बघितलं आहे, मान जराशी खाली, नजर चाकांवर. आणि आता डब्यांवरून मला त्यांचा चेहरा दिसत होता. पूर्ण चेहरा. मला आधी वाटलं चुकून वर बघितलं असेल. पुढचा डबा गेला, त्याच्या पुढचा गेला, बाबा माझ्याकडेच बघत होते. चाकांकडे त्यांचं लक्ष नव्हतं, गाडीकडे नव्हतं, सिग्नलकडे नव्हतं. मिशी दोन्ही बाजूंनी सारखी होती आणि ती हसत होती.

शेवटी गार्डाचा डबा आला. गार्डानं झेंडी बाहेर काढली. बाबांची झेंडी खालीच. गार्ड बाहेर वाकला, झेंडी हलवली, काहीतरी ओरडला. डबा बराच पुढे गेल्यावर बाबांचा हात वर झाला.

मग सिग्नल वर होईपर्यंत ते थांबले, ते मात्र थांबले, आणि फाटक उघडून बंडीजवळ आले. मी खाली उतरून पाया पडले. ते म्हणाले, "गार्डाले झेंडी दाखवाची राह्यली."

"दाखवली ना, बाबा. उशिरानं दाखवली."

"उशिरानं म्हंजे कुचराईच," ते अगदी सहज म्हणाले, तिखटमीठ विकत आणल्याचं सांगावं तसं. मग माझं गाठोडं त्यांनी काखेत घेतलं आणि हात रिकामा हवा म्हणून हिरवी झेंडी माझ्याकडे दिली. काठीला घातलेली झेंडी त्यांनी त्याआधी कोणाच्याच हातात दिली नव्हती. हळदीचे डाग अजून तसेच होते. मी ती धरून त्यांच्या मागून घरात गेले.